खांब सोपे, होडी अवघड

शनिवारी आमच्या स्केचिंग ग्रुपबरोबर इथल्या, म्हणजे न्यूझीलंडमधल्या, ऑकलंड म्युझियमला गेले होते. ग्रुपवर निरोप आला होता: 'सकाळी माओरी कलावस्तू, मग जेवण, दुपारी वसाहतकालीन वास्तू.' शाळेच्या वेळापत्रकासारखं. मधल्या सुट्टीआधी एक विषय, सुट्टीनंतर दुसरा. वाचताना काहीच खटकलं नाही. दिवसभर चित्रं काढल्यावर खटकलं आणि मग डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

सकाळी लख्ख ऊन होतं. ऑकलंडच्या उन्हावर इथे कुणी भरवसा ठेवत नाही, म्हणून क्रम उलटा करून आधी बाहेरच बसलो. इमारत १९२९ची, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून बांधलेली. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ज्या जागेला पुकेकावा म्हणतात, त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या काठावर थेट अथेन्सच्या देवळाचं तोंड आणून ठेवलंय. जाडजूड डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक घडणीचे खांब, वर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचं वाक्य कोरलेलं. माझं पेन सुसाट सुटलं. पंधरा-वीस मिनिटांत खांब, पायऱ्या, सावल्या, सगळं जागच्या जागी. शेजारचे आजोबा म्हणाले, "तू आर्किटेक्ट आहेस का?"

कसली आर्किटेक्ट! मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिलेली मुलगी. पण डोरिक खांब पहिल्यांदा काढले ते मुंबईत, एशियाटिक लायब्ररीच्या समोर फुटपाथवर बसून. ती इमारत म्हणजे जुना टाउन हॉल, १८३३चा, आणि खांब याच घराण्यातले. म्हणजे इथे येण्याच्या कितीतरी आधी माझ्या हाताला हे वळण लागलेलं होतं. ज्या साहेबाने मुंबईत खांब उभारले त्यानेच आपल्याकडे ड्रॉइंगच्या शाळाही काढल्या, आणि त्या शाळांची पद्धत झिरपत झिरपत माझ्या चित्रकलेच्या बाईंपर्यंत आली. सोपं वाटलं, कारण मला तेच शिकवलं होतं. त्यात माझं कौतुक शून्य.

मग आत गेलो. आत ओला रंग काढायचा नाही, फक्त पेन्सिल, असं आमचं ठरलेलं असतं. मी 'ते तोकी आ तापिरी'समोर बसले. ही माओरी युद्धहोडी. त्यांच्या भाषेत वाका. पंचवीस मीटर लांब, शंभरेक माणसं नेणारी, साधारण १८३६ साली घडवलेली. माझी वही तळहातापेक्षा थोडी मोठी. होडी बसेना. मग फक्त नाळेकडचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, कोरीव काम काढायचं ठरवलं, तर तेही जमेना. वळणातून वळण निघतं, त्याच्या पोटात तिसरं, आणि प्रत्येक रेघेच्या कडेने बारीक खाचा. इंटरमीजिएटच्या संकल्पचित्राची युक्ती आठवली: अर्धं काढायचं, ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी बाजू छापायची. इथे ती चालेना. डावी बाजू उजवीसारखी वाटते, पण नीट बघितलं की तशी नसते. तासाभरात चार वेळा खोडलं. कागदाची पार लाज गेली.

पण तासभर एका वस्तूपुढे बसलं की पाटीवरचा मजकूरही तीन-चारदा वाचून होतो. होडी घडली पूर्व किनाऱ्यावर, मग भेट म्हणून, सौद्यात, अशी हातोहात उत्तरेकडे आली आणि ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या 'न्गाती ते आता' या माओरी जमातीकडे गेली. १८६३मध्ये सरकार आणि माओरी यांच्यात वाइकातोची लढाई पेटली तेव्हा सरकारी फौजेने ती जप्त केली. तिचे मालक लढाईत नव्हतेच. पुढे नुकसानभरपाई दिली, पण होडी काही त्यांना परत मिळाली नाही. १८६९ साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरा, ऑकलंडला आला, तेव्हा त्याच्या स्वागताच्या शर्यतींसाठी तीच होडी सजवून पाण्यात उतरवली. हा तोच आल्फ्रेड बरं का, जो पुढच्या वर्षी मुंबईत आला आणि ज्याच्या नावाचं सेलर्स होम आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. साम्राज्य फार मोठं होतं म्हणतात, पण पाहुणे तेच तेच असायचे.

होडी कोरणाऱ्यांमध्ये राहारुही रुकुपो हे मोठे कारागीर होते. त्यांनी १८४०च्या दशकात 'ते हाऊ की तुरांगा' हे सभागृह कोरलं. ते १८६७ साली सरकारने उचलून वेलिंग्टनला नेलं. आता ते तिथल्या 'ते पापा' या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे आणि २०१२च्या तडजोडीने त्याची मालकी मूळ मालकांकडे, रोंगोफाकाता जमातीकडे, परत आली.

इथे मला आमचं वेळापत्रक खटकलं. माओरी कलावस्तू सकाळी आणि वसाहतकालीन वास्तू दुपारी, असे दोन विषय करायचे तरी कसे? होडी त्या खांबांच्या आत का आहे, हा एकच विषय आहे. बाहेरचं चित्र आणि आतलं चित्र एकाच पानावर यायला हवं होतं. आणि 'कलावस्तू' हा शब्दही मला आता चालत नाही. माओरी लोक 'ताओंगा' म्हणतात. ठेवा, वंशाकडे सांभाळायला आलेलं धन. कलावस्तू म्हटलं की ती बघणाऱ्याची होते, ताओंगा म्हटलं की आधी विचारावं लागतं कोणाची.

नंतर 'होतुनुई' हे सभागृह. चपला बाहेर काढून आत जायचं. १८७८ साली न्गाती आवा जमातीच्या कारागिरांनी ते लग्नाच्या नात्यातून इथल्याच थेम्स गावच्या न्गाती मारू लोकांसाठी कोरलं. भिंतीला लागून ओळीने कोरीव फळ्या, प्रत्येक फळी म्हणजे एक पूर्वज. जीभ बाहेर, तीन बोटं, पाउआ शिंपल्याचे चमकते डोळे. माझी आई दोन वर्षांपूर्वी इथे आली होती. आपल्याकडचे पाहुणे बहुतेक वेळा "अगंबाई, राक्षस!" म्हणून फोटो काढतात आणि पुढे जातात. आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या देव्हाऱ्यातल्या वीराच्या टाकासारखं आहे गं." मी आजवर वाचलेल्या सगळ्या पाट्यांपेक्षा ते एक वाक्य जास्त कळलं. घरातला कुणी गेलेला माणूस, पत्र्यावर ठोकून देवांच्या ओळीत बसवलेला. तो हुबेहूब दिसायची गरज नसते, घरात असायची असते.

एक गंमत. मी पेन्सिलने काढताना कडेला रंगाची नोंद करत होते: 'पारंपरिक माओरी तांबडा'. तिथल्या एक माओरी बाई, ज्यांना सगळे फाएआ म्हणतात (मावशी म्हणा, बाई म्हणा), त्यांनी सांगितलं की १९५०च्या दशकात म्युझियमनेच कोरीव कामावर सरसकट लाल रंग फासला होता. खालचे मूळ रंग मोकळे करायला पुढे बरीच वर्षं घासावं लागलं. मी गप्प वहीतली नोंद खोडली.

जेवताना वाद झाला. एकीने कोरीव चेहरा सुरेख काढला होता. ती म्हणाली, स्टिकर करून विकते. कुणी म्हणालं छान, कुणी म्हणालं नको. मी नको म्हणणाऱ्यांत होते, आणि अजून आहे. चित्र काढायला माझी ना नाही. तासभर बघत बसणं हा मानच आहे. पण टाकातला वीर कुणी परक्याने कॉफीच्या मगवर छापला तर माझी आई काय म्हणेल, ते मला चांगलं माहीत आहे. त्यावर उत्तर आलं, "चित्र काढणं म्हणजे काही चोरी नाही." खरंय. पण चित्रकार लोक निष्पापच असतात असंही नाही. होराशियो रॉब्ली नावाचा ब्रिटिश अधिकारी १८६४मध्ये तौरांगाच्या लढाईत होता. तो माओरी चेहऱ्यांवरच्या मोकोची, म्हणजे गोंदणाची, अप्रतिम स्केचेस करायचा. पुढे इंग्लंडात त्याने गोंदलेली, जतन केलेली खरी मुंडकी जमवली, पस्तीसेक. त्यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या म्युझियमने विकत घेतली आणि ती २०१४ साली न्यूझीलंडला परत आली. तीच नजर, तोच हात. कागदावर काय थांबतं आणि पेटीत काय जातं, यातलं अंतर त्याला दिसलं नाही.

आपल्याकडेही अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आठवा. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२पासून तेरा वर्षं लेण्यांत बसले, चित्रं लंडनला गेली आणि १८८५च्या आगीत बरीच जळली. त्या पोरांची मेहनत खोटी नव्हती. पण चित्रं कुठे जाणार, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

स्टिकरवाली नाराज झाली. होऊ दे, तिचं चित्र माझ्यापेक्षा दहापट चांगलं आहे आणि ते तिच्या वहीतच शोभतं.

शेवटी म्युझियमभोवतीच्या डोमेन बागेच्या गवतावर सगळ्यांच्या वह्या ओळीने उघडून ठेवल्या. माझं पान बघून कुणीतरी विचारलं, होडीमागे ही उभी-उभी छाया कसली? मी वही उचलून बघितली. स्वस्तातली वही, पातळ कागद. सकाळच्या खांबांची शाई पलीकडून उतरून होडीच्या नाळेवर आली होती, आणि पेन्सिलीने कितीही गडद केलं तरी खांब काही जात नव्हते.