'भिंग पुढे, पडदा मागे, मग संबंध काय?' : प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटू शकतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर "भिंग पुढे, पडदा मागे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने पडदा सुटेलच कसा? अर्धवट ज्ञानावर म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नका," असं तुम्ही लिहिलंत. शंका रास्त आहे. रेटिनाच्या ओपीडीत इतकी वर्षं काढल्यावर 'अर्धवट ज्ञान' हा शेरा मात्र पचायला जड जातो.

पुढे आणि मागे यांच्या मध्ये काय असतं, ते तुम्ही गाळलंत. तिथे व्हिट्रियसची जेली असते आणि पडद्याच्या कडेला ती घट्ट चिकटलेली असते. नैसर्गिक भिंग ४ ते ५ मिलिमीटर जाड, बसवलेली लेन्स जेमतेम १ मिलिमीटर. उरलेल्या जागेत जेली पुढे सरकते आणि वयानुसार कधीतरी पडद्यापासून सुटायचीच, ती लवकर सुटते. बहुतेकांची अलगद सुटते. नाहीतर ओढ बसून पडद्याला चीर पडते, चिरेतून पाणी मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटतो. ऑपरेशनमध्ये भिंगामागची पिशवी फाटून जेली पुढे आली असेल, तर धोका कितीतरी पट.

बहुतेकांना काही होत नाही, हे मान्य. शंभरात एखाद्यालाच, तेही क्वचित. पण ती सरासरी झाली. पन्नाशीच्या आतला पुरुष, मोठा मायनस नंबर, दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सुटलेला, यांचा हिशेब निराळा. आणि ज्या म्हाताऱ्यांचा तुम्हाला इतका कळवळा, त्यांना धोका उलट कमी; त्यांची जेली बहुधा आधीच सुटलेली असते!



"महिन्याने ड्रॉप्स बंद, विषय संपला" हे तुमचं वाक्य मात्र धोक्याचं. पडदा काही महिन्यांनी, वर्षांनीही सुटतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, म्हणून माणूस थांबतो. कडेला विजेसारखी चमक, अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा, बाजूने सरकत येणारी सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्यायचा. नुसती चीर असेल तर लेझरने भोवती कडं घालून भागतं. पडदा सुटला असेल तर ऑपरेशनच, आणि मधला भाग सुटायच्या आत झालं तर नजर बरीच वाचते.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमच्या डोळ्यांची अशी तपासणी शेवटची कधी झाली, तेवढं कळवा. विशेषणं नकोत.