'दादा', 'बॉस' आणि आम्ही

सिग्नलला पुढची बुलेट बघा. प्लेटवर नंबर ४१४१, पण चारातून 'द' आणि एकातून काना काढून रंगवलाय असा की वाचावं 'दादा'. वर कोपऱ्यात वाघ, खाली 'आई-बाबांचा आशीर्वाद'. शेजारच्या चारचाकीचा ८०५५ म्हणजे 'बॉस'. एमएच कितीची गाडी, ते शोधायचं आपण, ठोकून पळाल्यावर!

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. अक्षरं इंग्रजीच, आकडेही त्याच लिपीतले, उंची-जाडी-अंतर सगळं मिलिमीटरमध्ये ठरलेलं. आवडता नंबर हवा तर आरटीओत पैसे भरून घ्या की, कोण नाही म्हणतंय? पण पैसे नंबराचे, चित्रकलेचे नव्हेत.

त्यावर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती मुळातच येते. जुन्यांसाठी मुदत मार्च २०२५, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर. आम्ही मुकाट ऑनलाइन पैसे भरून, स्लॉट घेऊन, तासभर उन्हात उभं राहून बसवून आलो. आणि हे महाशय? होलोग्रामवाली प्लेट घरी माळ्यावर, गाडीवर 'दादा' तसाच. हवालदारही हसून म्हणतो, "जाऊ द्या, दादा."