‘बारा तासांत युद्धनौका जेमतेम सव्वा तास दिसली’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या युद्धनौकेची पाहणी आमच्या जहाजावरून पाहण्यासाठी आपण आलात आणि आपली निराशा झाली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. मात्र बारा तासांत नौका जेमतेम सव्वा तास दिसली, त्यातलाही निम्मा वेळ चिखलातले भंगार दाखवण्यात गेला आणि आमच्या पायलटने यान एका जागी उभे ठेवून मुद्दाम वेळ काढला, असे आपण लिहिले आहे. हे वाचून फार वाईट वाटले. अभिप्राय वाचूनच लोक आमच्याकडे येतात, त्यामुळे वेळेचा हिशेब येथे मांडणे भाग आहे.

ही नौका सुमारे ४,५०० मीटर खोल आहे. आमचे आरओव्ही, म्हणजे केबलला जोडलेले आणि जहाजावरून चालवले जाणारे मानवविरहित यान, मिनिटाला साधारण ३० मीटर उतरते, म्हणजे खाली पोहोचायला अडीच तास आणि वर यायला तेवढेच. तळाशी दाब पृष्ठभागाच्या सुमारे ४५० पट असतो, म्हणून प्रत्येक सील, दिवा आणि केबलचा जोड तपासल्याशिवाय आमचा पायलट यान पाण्यात सोडत नाही, आणि त्याने घाई करावी असे मी त्याला कधीही सांगणार नाही. शिवाय यान थेट अवशेषांवर उतरवता येत नाही. इतक्या खोलीवर ध्वनिलहरींनी काढलेल्या स्थानात कित्येक मीटरांचा फरक पडू शकतो आणि फाटलेल्या पत्र्यात केबल अडकली तर यान कायमचे गमवावे लागते. त्यामुळे ते बाजूला उतरवून, सोनार (ध्वनिलहरींनी आसपासचे दाखवणारे यंत्र) पाहत हळूहळू जवळ न्यावे लागते. ते उभे राहिले होते, ते तळाचा गाळ उडाल्यामुळे. दिव्यांचा प्रकाश त्या कणांवर आपटून कॅमेऱ्यात परतला की पडदा नुसता पांढुरका दिसतो, आणि गाळ बसेपर्यंत किंवा प्रवाहाबरोबर वाहून जाईपर्यंत थांबण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

आपण ज्याला भंगार म्हणता, त्यात तोफेचा एक संपूर्ण बुरूज (तोफा बसवलेला फिरता चिलखती भाग) उलटा पडलेला होता. मोठ्या युद्धनौकांचे असे बुरूज बहुधा स्वतःच्या वजनावरच बसलेले असतात आणि नौका पालथी झाली की निखळून पडतात. १९४१ मध्ये बुडालेल्या बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचे चारही मुख्य बुरूज असेच निखळले. १९८९ मध्ये सागरी संशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांना बिस्मार्क सापडली, तीही तळावर विखुरलेल्या तुकड्यांचा माग काढतच. नौका कशी बुडाली हे या तुकड्यांवरून कळते, म्हणून ते सोडून पुढे जाणे आमच्या पुरातत्त्वज्ञांना मान्य नसते. नौकेची नाळ (पुढचे टोक) पडद्यावर आली तेव्हा आपण डेकवर होता आणि बोलावणे पाठवूनही खाली आला नाहीत, हे लिहायला संकोच वाटतो, पण सव्वा तासाच्या हिशेबात तेही धरायला हवे.

टॉर्पेडोच्या भगदाडातून यान आत न्यावे हा आपला आग्रह आम्ही मानला नाही आणि पुढेही मानणार नाही, कारण आत माणसे मृत्युमुखी पडलेली आहेत. नौकेचे अक्षांश-रेखांश न देण्याचे कारणही सरळ आहे. १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या डच युद्धनौका डी रॉयटर आणि जावा जवळजवळ संपूर्ण नाहीशा झाल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. धातूसाठी असे अवशेष उपसणारे लोक आजही आहेत.

पाहुण्यांना दिवसाची कल्पना अधिक नीट देण्याचा आम्ही प्रयत्न करू, नियंत्रण कक्षातील बसण्याच्या सोयीचेही पाहतो. परताव्याच्या मागणीबाबत कार्यालयातून आपल्याशी बोलणे होईल, परंतु यान एकदा पाण्यात गेले की आमचा सगळा खर्च झालेला असतो, हे कृपया लक्षात घ्यावे. त्या दिवसाचे पूर्ण चित्रीकरण आपल्याला पाठवले आहे. आपण डेकवर असतानाचा भाग त्यात आहे, तो अवश्य पाहावा.