विरजण आणि विलंबित

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातून मी सगळ्यात आधी माळ्यावर काय चढवलं, तर अण्णांच्या कॅसेटी. गॅसची टाकी नंतर. बायको हे आजही पाहुण्यांना सांगते, आणि सांगताना 'नंतर' या शब्दावर जरा थांबते.

कॅसेटी दोनशे दहा, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. मिरजेच्या दर्ग्यात उरसाला रात्रभर गाणं चालतं. अण्णा तिथं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसत. पूर ओसरल्यावर मी ठरवलं, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि अण्णांना फोनवर ऐकवायचं. दोनशे दहा गुणिले दीड तास म्हणजे 315 तास. कॅसेट घाई करत नाही, नव्वद मिनिटांचं गाणं उतरवायला नव्वद मिनिटंच घेते. फायली केल्या फ्लॅकमध्ये. त्यात आवाजाचा एक कणही गळत नाही म्हणे. त्यामुळं तबल्यापेक्षा मोठ्यानं खोकणारे कोणी गृहस्थ आता कणभरही न गळता आमच्याकडे कायमचे जपले गेलेत.

आधी क्लाऊडवर चढवायला घेतलं. आम्हाला साठवणीचं कौतुक नवं नाही. आमच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. क्लाऊड म्हणजे उलटं पेव, तोंड वर आभाळात. पण कॅसेटची एक बाजू अडीचशे एमबीची. फुकटचे 15 जीबी तीस कॅसेटींतच भरले. त्याआधी एका कंपनीनं पन्नास हजार गाणी फुकट ठेवून घेतो म्हटलं होतं; 2020 साली तिनं ती सेवाच गुंडाळली. पेवं बुडवायला निदान पूर यावा लागला होता.

मग स्वतःचंच पेव घेतलं. दोन डिस्कांचा काळा डबा, ज्याला नॅस म्हणतात. दोन्ही डिस्कांवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी राहते. (चार टीबीच्या दोन घेतल्या आणि वापरायला चारच मिळाले, हे घरात अजून सांगितलेलं नाही.) इंटरनेटची वायर आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, म्हणून डबा तिथंच फडताळात बसवला. या जागेबद्दल पुढं येतंच आहे.

पहिल्या दिवशी अण्णांच्या फोनवर गाणं लागलं आणि अण्णा कान देऊन ऐकू लागले. दहा मिनिटांत म्हणाले, "बुवा आज उलटे का बसलेत रे?"

बघतो तर खरंच. मी फायलींना गाण्याच्या क्रमानं नावं दिली होती साधी: आलाप, विलंबित, द्रुत, तराणा. फोननं त्या बाराखडीनं लावल्या. आलापानंतर त वरून थेट तराणा, मग द वरून द्रुत, आणि सगळं संपल्यावर व वरून विलंबित. म्हणजे ताक, मग भात, मग वरण. प्रत्येक नावाआधी 01, 02 घालण्यात माझा एक अख्खा गणेशोत्सव गेला.

बाकीच्या फायलींची नावं मी कधीकाळी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली होती. त्यानं ती जुन्या मराठी फाँटात केली. फोनवर ती कंस, टक्के आणि फुल्या होऊन उमटतात, आणि फोन त्या सगळ्यांना एकाच नावाखाली घालतो: अज्ञात कलाकार. अण्णांनी यादी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. "हे लई गायलेत की. कुठल्या घराण्याचे?" मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय टॅग मिळाला, आमच्या फायलींना साधा नावाचा टॅग मिळायचा आहे.

आता आमराई बागेत. अण्णांचा सकाळचा फेरा तिथं असतो. डब्याचा घरातल्या नेटवरचा पत्ता घराबाहेर चालत नाही, हे मला तिथं उभं राहून कळलं. आमच्या नेटवाल्यानं कितीतरी घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. जुन्या वाड्यासारखं. दहा बिऱ्हाडं, पत्ता वाड्याचा एकच. आतून कुणीही बाहेर जावं, पण बाहेरून आलेल्यानं दिंडीदरवाज्यातच विचारत उभं राहायचं. त्यावर उपाय म्हणजे आतूनच एक भुयार बाहेर काढायचं, त्याला व्हीपीएन म्हणतात. दोन रविवार घातले आणि भुयार काढलं. गाणं आमराईत आलं. अण्णांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला, आणि गाणं बंद. बॅटरी वाचवायची म्हणून स्क्रीन विझल्यावर फोन मागची कामं झोपवतो. ती सेटिंग सापडेपर्यंत अण्णा आठवडाभर दर दोन मिनिटांनी छातीवर थाप मारत फिरत होते. ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून नाडी पाहिली.

आता फडताळ. थंडीत एकदा मी डब्याचे दिवे बघायला गेलो, तर डब्यावर झाकलेलं पातेलं.

"अगं, हे काय?"

"दही लावलंय. छान ऊब आहे त्याला. गेल्या महिन्यापासून कवडीदार लागतंय, तुम्हीच तर वाटी वाटी खाताय."

मला बोलता येईना. डिस्क चाळीस अंशांच्या आसपास तापलेली असते, आणि दह्यालाही साधारण तेवढंच लागतं. मी तिला व्हेंटिलेशन, धूळ, दुधाचा थेंब सगळं सांगितलं. तिनं पातेल्याखाली ताटली घातली.

पुढं मी वीज वाचवायला रात्री डिस्का झोपतील अशी सेटिंग केली. सकाळी बायकोनं पातेलं माझ्यापुढं आदळलं. "काय करून ठेवलंत? दूध तसंच आहे!" सेटिंग परत काढली. आमच्या घरात नॅसची देखरेख तेव्हापासून अशी चालते.

गेल्या रविवारी हरिपूरला मामांकडे जेवण होतं. अंगणात वीसेक माणसं, संगमाकडून गार वारा, आणि मामा म्हणाले, "लाव की रे ती मिरजेची टेप, कौतुक केलायस किती दिवस." मी फोन काढला. ते गोल फिरणारं चक्र फिरायला लागलं. नेट होतं, भुयार होतं, यादीसुद्धा दिसत होती, गाणं येईना. वीस माणसं फोनकडे बघत होती. अण्णा आभाळाकडे.

मी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. डब्याचा दिवा हिरवा की लाल, राउटर चालू का, हे काहीएक विचारलं नाही.

"अगं, दही लागलंय का?"

"नाही ना! मी तुम्हालाच फोन करणार होते."

परत येऊन खुर्चीत बसलो.

"काय झालं रे?" मामांनी विचारलं. "गाणं?"

"आज नाही, मामा. दही लागलं नाही."