जेवण आवडलं नाही, ठीक. माणसाला का फाडून खाताय?

"खारट झालं होतं." एवढं सांगायला तीन शब्द पुरतात. मग त्याच्यापुढे 'लायकी नसेल तर धंदा कशाला काढता', 'स्वतःच्या पोरांना हेच खाऊ घालता का', 'बंद करा दुकान आणि घरी बसा' हे सगळं कशासाठी? समोर उभं राहून जे बोलायची छाती होत नाही ते फोनवर रेस्टॉरंटच्या रिव्ह्यूत टाइप करायचं, खाली एक स्टार ठोकायचा आणि निवांत झोपायला जायचं. तिकडे ज्याच्या नावाने हे लिहिलं तो माणूस रात्रभर छताकडे बघत पडतो, त्याचं काय?

टीकेला माझी ना नाही. पैसे मोजून जेवतो आपण. गार आलं, कच्चं राहिलं, उद्धटपणे वाढलं तर बोलायलाच हवं. पोट बिघडलं, ताटात किडा निघाला तर अन्नसुरक्षेच्या खात्याकडे, बिलात लबाडी झाली तर ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार करा, तिथे दयामाया दाखवायची गरज नाही. पण रोज जे वाचायला मिळतं त्याला तक्रार म्हणायला जीभ वळत नाही. लोक चारचौघांत धिंड काढतात, आणि त्याला 'फीडबॅक' म्हणतात.

मागच्या आठवड्यात जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर चौघंजण. त्यांच्या ऑर्डरला उशीर झाला होता, हे खरं. वेटर येऊन सांगत होता, "सर, एक आचारी आज आलेला नाही, थोडा वेळ द्या." त्यातल्या एकाने फोन काढला आणि थेट त्या पोराच्या तोंडासमोर धरला. "बोल, कॅमेऱ्यात बोल. परत सांग सगळ्यांना." पोरगा विशीतला असेल. हातातला पाण्याचा जग खाली ठेवावा की धरून उभं राहावं हेही त्याला सुचेना. गल्ल्यावरून मालक धावत आला, त्याने हात जोडले, बिल नका देऊ म्हणाला. तेही रेकॉर्ड झालं. चौघं हसत होते. माझं जेवण त्याच किचनमधून आलं, तेवढ्याच उशिराने, आणि चांगलं होतं. निघताना तसं सांगावं म्हणून गल्ल्याशी गेलो, तर मी तोंड उघडायच्या आधीच मालक म्हणाला, "सॉरी सर." कौतुक करायला कुणी आपल्याकडे चालत येईल ही शक्यताच त्याच्या डोक्यातून गेली होती. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

एक आचारी आला नाही तर काय होतं हे माहीत आहे का या लोकांना? एका माणसाच्या हातचं काम उरलेल्यांवर येतं. एका टेबलाची ऑर्डर अडकली की तिच्यामागची प्रत्येक ऑर्डर अडकते. घाईत एखादी चिठ्ठी मागेपुढे होते, आधी आलेल्याला नंतर मिळतं, आणि सगळ्या टेबलांचा राग त्या एका वेटरवर निघतो, ज्याच्या हातात यातलं काहीच नसतं. हे सगळं सुरू असताना मालक आत जाऊन भांडी विसळत असतो, कारण भांडीवालाही आलेला नसतो.

माझ्या ओळखीच्या एक ताई छोटं रेस्टॉरंट चालवतात. रात्री शटर अर्धं खाली, गल्ला मोजायचा, उद्याच्या मालाची यादी करायची, कुणाला ॲडव्हान्स हवाय, फ्रीजवाला परत आलेला नाही. तेवढ्यात फोन वाजतो. नवा रिव्ह्यू, एक स्टार: 'एवढ्या लांबून आलो तर बंद. फालतू जागा.' आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता तो. सुट्टी दाराच्या पाटीवर लिहिलेली, ऑनलाइनही टाकलेली. माणूस आत आलेला नाही, एक घास खाल्लेला नाही. ताईंनी उत्तर लिहायला घेतलं. आधी खरं तेच लिहिलं, मग पुसलं, कारण 'उलट बोलते' म्हणून आणखी दहाजण तुटून पडतील. शेवटी 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिलं. सुट्टी घेतली म्हणून माफी! मला इतका संताप आला की त्यांच्याच हातातून फोन घेऊन चार गोष्टी सुनवाव्यात. त्यांनी घेऊ दिला नाही.

बरं, ही एक टिचकी त्यांना किती महागात पडते? हिशोब करून बघा. सरासरी ४.६ असलेल्या ठिकाणाला कुणी एक स्टार दिला, की ती सरासरी परत जागेवर आणायला पाच स्टारवाले नऊजण लागतात. एक स्टार सरासरीच्या ३.६ खाली असतो, पाच स्टार फक्त ०.४ वर, म्हणून नऊ. नऊ खूश माणसांनी वेळ काढून लिहायचं, तेव्हा कुठे बंद दारासमोर चिडलेल्या एकाचं निस्तरलं जातं. आणि खूश माणसं लिहितात कुठे?

आकड्यांनी काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करून २०११ मध्ये मांडलं की येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरचा एक स्टार वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. ज्या धंद्यात भाडं, पगार आणि माल जाऊन हातात जेमतेम काही टक्के उरतात, तिथे एवढा फरक म्हणजे दुकान चालणं आणि बंद पडणं यातला फरक. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट वाचून मी जास्त चिडलो. हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर दिसला. मोठ्या साखळीवाल्यांवर दिसला नाही, कारण त्यांचं नाव आधीच सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे तुमचा फटका बसतो तो नेमका त्याला, जो स्वतः गल्ल्यावर बसतो, स्वतः माल आणतो आणि रिव्ह्यूसुद्धा स्वतःच वाचतो. मोठ्या कंपनीत तो वाचायला पगारी माणूस असतो, आणि तो शिफ्ट संपली की घरी जातो.

त्यात लिहिलेलं सगळं खरं असतं असंही नाही. लुका आणि जॉर्जिओस झेर्वास या संशोधकांनी बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांचे रिव्ह्यू तपासले, तेव्हा त्यातले साधारण १६ टक्के येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. स्पर्धा वाढली की खोटे वाईट रिव्ह्यूही वाढतात, हेही त्यांना दिसलं. २०१७ मध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने लंडनमध्ये आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायजर या रिव्ह्यूंच्या साइटवर नोंदवलं आणि खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर शहरात पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवलं. तिथे कुणी जेवलेलंच नव्हतं! अशा आकड्यावर विसंबून आपण खऱ्या माणसांची लायकी ठरवतो.

बाहेर पार्किंग मिळालं नाही, एक स्टार. डिलिव्हरीवाला रस्ता चुकला, रेस्टॉरंटला एक स्टार. पाऊस होता म्हणून बाहेरच्या टेबलावर बसता आलं नाही, त्यालाही एक स्टार. आणि ते महाभाग, जे बिल आलं की हळूच म्हणतात, "रिव्ह्यू टाकणार आहे बरं का, काहीतरी कमी करा." ही खंडणी आहे. दुसरा शब्द वापरायची माझी तयारी नाही.

सगळ्यात हीन प्रकार मात्र झुंडीचा. कुठला तरी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फिरतो. आधी काय झालं, नंतर काय झालं, कुणाला ठाऊक नसतं. आणि कधी त्या गावात पाऊलही न टाकलेले शेकडो लोक रात्रीतून एक स्टार देऊन मोकळे होतात. मालकाचे फोटो शोधून काढतात. घरच्यांचे नंबर वाटतात. दोन दिवसांनी त्यांना नवीन सावज मिळतं आणि हे विसरून जातात. ज्याचं विसरलं जात नाही तो तिथेच असतो, त्याच पत्त्यावर, त्याच नावाच्या पाटीखाली. अशा वेळी त्याच्याकडे कामाला असलेली माणसंही सोडून जायला लागतात, कारण कोणाला रोज फोनवर शिव्या ऐकायच्यात?

मोठ्या नावांनाही हे झेपत नाही. फ्रान्सचे बर्नार लुआझो, मिशलँ या नावाजलेल्या मार्गदर्शिकेचे तीन स्टार, म्हणजे तिचा सर्वोच्च मान, मिळवलेले शेफ. २००३ मध्ये 'गो ए मियो' या दुसऱ्या मार्गदर्शिकेने त्यांचे २० पैकी १९ गुण १७ वर आणले, मिशलँचा तिसरा स्टारही जाणार अशी चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली. त्याच फेब्रुवारीत त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांना नैराश्य होतं, कर्जाचा बोजाही होता, एकाच कारणाकडे बोट दाखवणं बरोबर नाही. आणि तिसरा स्टार त्या वर्षी गेलाही नव्हता. पण जाहीर नापसंतीचं ओझं माणसावर किती पडू शकतं हे समजायला आणखी काय हवं? मग जिला नाव नाही, पाठीशी कुणी नाही, त्या ताईंनी हे कुठे ठेवायचं?

आणि आता तुम्ही. जे जेवता, तृप्त होऊन उठता, बिल देता आणि गप निघून जाता. मला तुमचाही राग येतो, कारण तुम्ही बोलत नाही म्हणून मैदान त्यांना मोकळं मिळतं. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जेवणारी माणसं बघतो मी. वेटरला नावाने हाक मारतात, नेहमीचं टेबल ठरलेलं असतं, घरी पाहुणे आले तरी तिथेच नेतात, आणि त्या ठिकाणाबद्दल एक ओळ लिहिलेली नसते. का? कशाची वाट बघताय? ते बंद पडल्यावर 'अरेरे, किती छान होतं' म्हणायची? तेव्हा काय उपयोग?

आज लिहा. नुसतं 'मस्त' नको, त्याने कुणाला धीर येत नाही. काय खाल्लं, काय आवडलं, कोणी आपुलकीने विचारपूस केली, गर्दीतही आजीला आधी जागा कोणी करून दिली, हे लिहा. त्या वेटरचं नाव लिहा. त्याच्या मालकाला ते दाखवता येतं आणि त्याला घरी सांगता येतं. चूक दिसली तर तिथेच, जेवण चालू असतानाच बोला, तेव्हा ती दुरुस्त तरी होते. घरी जाऊन लिहिलं तर फक्त जखम होते. आणि जिथे तुम्ही स्वतः जेवलाय त्या ठिकाणावर झुंड तुटून पडलेली दिसली, तर गप्प बसू नका. 'मी इथे जेवलोय, माझा अनुभव असा आहे' एवढं खरं खरं लिहिलं तरी त्या माणसाला कळतं की कुणीतरी आपल्या बाजूने उभं आहे.

मालक मंडळींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. रात्री दमून वाचलेल्या रिव्ह्यूला रात्रीच उत्तर देऊ नका. सकाळी द्या, एकदाच द्या, आणि ज्याने शिव्या घातल्या त्याच्यासाठी नको, पुढे वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकासाठी लिहा. चूक नसेल तर माफी मागू नका. 'त्या दिवशी आमची सुट्टी असते' हे उत्तर पुरेसं आहे. तीन वेगवेगळी माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर तेवढी नीट बघा, बाकीचं ओकलेलं विष मनात ठेवू नका. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका अभ्यासात तीन वर्षांत साधारण ६० टक्के रेस्टॉरंटं टिकली नव्हती. तुम्ही तिथपर्यंत आला असाल तर कुणा अनोळखी माणसाच्या एका स्टारपेक्षा मोठी परीक्षा तुम्ही पास झालेली आहे.

चांगले रिव्ह्यू किचनमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. भांडीवाल्यालाही ऐकवा. आणि जे मुकाट जेवून जातात त्यांना निघताना सरळ विचारा, "आवडलं असेल तर चार ओळी लिहाल का?" बदल्यात सूट वगैरे काही देऊ नका, ते नियमात बसत नाही, आणि येल्पला तर असं मागितलेलंही चालत नाही, तेवढं सांभाळा. पण बाकी ठिकाणी मागायला लाजू नका. बरेच जण आनंदाने हो म्हणतील. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.