‘चिप स्वतःला वाचवते, मग भीती कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं मला असं समजलं: बक मॉड्यूलच्या (जास्त व्होल्टेज उतरवून कमी करणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) चिपमध्ये थर्मल शटडाउन (फार तापली की आपोआप बंद होणं) आणि करंट लिमिट (ठरावीक मर्यादेपुढे करंट अडवणं) असताना ‘तीन अँपिअरचं मॉड्यूल दोनवरच चालवा’ असं माझ्या लेखात सांगून मी नवशिक्यांना घाबरवतो. तुमचं मॉड्यूल पूर्ण तीन अँपिअरवर चालतं, ‘उन्हाळ्यात अधूनमधून रीसेट होतं, पण चालतं’. आणि लेखात दिलेलं मॉड्यूलवरच्या कपॅसिटरचं ६१ अंश तापमान मी इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान मोजणाऱ्या यंत्राने) मोजलं, ते भरवशाचं नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे मी चुकलो. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन धरली की ती त्या धातूपेक्षा त्यात परावर्तित होणाऱ्या खोलीचंच तापमान जास्त वाचते. हे माहीत असूनही मी घाई केली. काल त्याच कपॅसिटरच्या डोक्यावर काळी टेप चिकटवली, लोड तोच ठेवला आणि पाऊण तासाने पुन्हा मोजलं: ८३ अंश. खात्रीसाठी थर्मोकपलही (टेकवून तापमान मोजणारी तार) लावला, फरक दोन अंशांचा. लेखातला आकडा बदलला आहे. चूक तुम्ही पकडलीत, पण ती निघाली नेमकी तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूला.

आता मूळ वाद. मॉड्यूल एलएम २५९६ चं आहे. १२ व्होल्टचे ५ करून ३ अँपिअर घेतले, तर बाहेर १५ वॅट मिळतात. या चिपची एफिशियन्सी अशा वापरात ८० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे आत पावणेएकोणीस वॅट जातात आणि पावणेचार वॅट उष्णता त्या काड्यापेटीहून लहान बोर्डावरच राहते. आतला स्विच जुन्या धाटणीचा बायपोलर ट्रान्झिस्टर आहे, चालू असताना एक व्होल्टहून जास्त तोच खातो. यातले अडीच वॅट चिपचे धरा. बोर्डावरच्या तांब्याप्रमाणे हा आकडा बदलतो, पण वॅटमागे ४० अंश वाढ धरली तर १०० अंश होतात. खोलीत २५ असेल तर चिपच्या आत १२५, आणि नेहमीच्या वापरासाठी डेटाशीटने (उत्पादकाच्या माहितीपत्रकाने) दिलेली मर्यादाही तीच. बंद डब्यातली हवा ५० वर गेली की आत १५०. तुमचं उन्हाळ्यातलं ‘रीसेट’ मला तरी थर्मल शटडाउनच वाटतं. चिप बंद पडते, थोडी निवते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तापते. या प्रत्येक फेरीत सोल्डरचे सांधे ताणले जातात आणि पुढच्या सर्किटची वीज जाते ती वेगळीच. याला ‘चालतं’ म्हणायला मी तयार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शटडाउनचा सेन्सर चिपच्या सिलिकॉनवर बसलेला असतो. शेजारचा डायोड, कॉइल आणि कपॅसिटर किती तापलेत हे त्याला कळत नाही. आणि आधी मरतो तो बहुतेक वेळा कपॅसिटरच. अशा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या) कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तास असं रेटिंग असेल तर ८५ अंशांना ८००० तास, म्हणजे अखंड चालवलं तर अकरा महिने. तोच ६५ वर ठेवला तर साडेतीन वर्षांच्या वर. पण रेटिंगच ८५ अंशांना २००० तासांचं असेल, तर माझ्या ८३ अंशांवर जेमतेम तीन महिने. शिवाय तो सुकत गेला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, रिपलने (करंटच्या सततच्या चढउताराने) तो आणखी तापतो आणि आणखी लवकर सुकतो. या सगळ्या काळात चिपच्या दृष्टीने सारं आलबेल असतं.

करंट लिमिटचंही तसंच. याच चिपच्या डेटाशीटमध्ये ती मर्यादा ३.६ ते ६.९ अँपिअर अशी दिली आहे, तीही पीक करंटची, म्हणजे क्षणिक शिखराची. तुमच्या हातातली चिप साडेसहाला अडवणारी निघाली, तर पाच अँपिअर ती मुकाट्याने सोडेल आणि तीन अँपिअरचा डायोड भाजून निघेल. ही मर्यादा चुकून झालेल्या शॉर्टसाठी आहे, रोजच्या लोडचं माप म्हणून नाही.

एक बिघाड तर असा की चिपमधलं कुठलंच संरक्षण कामाला येत नाही. बक कन्व्हर्टरचा स्विच अतितापाने बहुधा शॉर्ट होऊनच मरतो. मग इनपुटचे १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या बोर्डावर. जो स्विच बंद करायचा तोच मेलेला, मग ओव्हरव्होल्टेज ओळखूनही चिप काय करणार? पुढचं सर्किट महाग असेल तर इनपुटला फ्यूज आणि आउटपुटला क्रोबार हवा: व्होल्टेज चढलं की त्यातला थायरिस्टर (इशारा मिळताच चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुट शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. हे मूळ लेखात राहून गेलं होतं.

दोन गोष्टी मागे घेतो. ‘ही संरक्षणं म्हणजे दिखावा’ हे वाक्य चुकीचंच होतं, शॉर्ट झाल्यावर धूर निघत नाही तो त्यांच्यामुळेच. आणि दोन अँपिअरचा सल्ला हवा न खेळणाऱ्या डब्यासाठी होता, तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. समोर पंखा असेल आणि टेप लावून मोजलेलं कपॅसिटरचं तापमान ६५ च्या आत राहत असेल, तर खुशाल अडीच अँपिअर घ्या. चिपच्या डोक्यावर छोटा हीटसिंक चिकटवायची तुमची युक्ती मात्र फारशी उपयोगाची नाही. वरचं प्लास्टिक उष्णता नीट सोडत नाही. ती खालच्या धातूच्या पट्टीतून बोर्डाच्या तांब्यात उतरते, म्हणून हीटसिंक लावायचाच तर बोर्डाच्या मागच्या बाजूला, मध्ये इन्सुलेट करणारा थर्मल पॅड ठेवून.

तुमच्या मॉड्यूलवरचे कपॅसिटर ८५ अंशांचे आहेत की १०५ चे, ते त्यांच्या अंगावर छापलेलं असतं. तेवढं पाहून कळवाल का?