चट्

स्फोट वगैरे काही झाला नाही. नुसता 'चट्' असा आवाज आला, कोणीतरी बोटं मोडावीत तसा, आणि मागोमाग वास. थोडा जळक्या प्लास्टिकचा, थोडा तापलेल्या धातूचा आणि बराचसा स्वतःच्या नशिबाचा.

कॉम्प्युटरमध्ये नवीन एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बसवून मी नुकतंच पहिल्यांदा पॉवर बटण दाबलं होतं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली, चट् झालं आणि सगळं गार. आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, काय झालं रे? मी जराही विचार न करता म्हटलं, "काही नाही गं, व्होल्टेज!"

व्होल्टेज हा फार सोयीचा शब्द आहे. घरातलं कुठलंही यंत्र गचकलं की तो पुढे करायचा, पुरावा कोणी मागत नाही आणि व्होल्टेज काही स्वतःची बाजू मांडायला येत नाही. आता फक्त नेमकं काय जळलंय ते शोधायचं होतं आणि ते माझ्यामुळे जळलेलं नाही एवढं सिद्ध करायचं होतं.

पहिली तपासणी नाकाने. हसू नका, जळलेला भाग बरेचदा वासावरूनच सापडतो. अडचण एवढीच की तिसऱ्या हुंगण्यानंतर सगळ्याच वस्तूंना तो वास यायला लागतो. मदरबोर्डला आला, ग्राफिक्स कार्डला आला, शेवटी माझ्या बाहीलाही आला. मी कॅबिनेटमध्ये डोकं घालून हुंगत बसलोय हे बघून मुलगी दारातूनच परत गेली.

मग संशय एसएमपीएसवर. तो उघडायचा मोह झाला पण आवरला, कारण आतले मोठे कॅपेसिटर प्लग काढल्यावरही 300 च्या वर व्होल्ट पोटात धरून बसलेले असू शकतात आणि एका दिवसात एक चट् पुरे. बाहेरून तपासायची रीत सोपी आहे, सगळ्या केबल काढायच्या आणि 24 पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडायची की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. सोपी, पण हिरवी वायर असेल तर! हल्ली दिसायला बरं म्हणून सगळ्याच वायरी काळ्या करतात, त्यामुळे 16 नंबरची पिन मोजून काढावी लागते, आणि उलट्या टोकाकडून मोजलं तर क्लिप भलतीकडेच जाणार. मी ती पिन चार वेळा मोजली. तीनदा एक उत्तर आलं, एकदा दुसरं. बहुमताने निर्णय घेतला.

क्लिप लावली, स्विच टाकला, पंखा ढिम्म. मेला! मनातून थोडा आनंदच झाला, गुन्हेगार सापडला, तोही नवीन, म्हणजे कंपनीचा दोष, म्हणजे माझा नाही. तेवढ्यात बॉक्सवरची ओळ दिसली की लोड कमी असला तर पंखा फिरतच नाही, आवाज नको म्हणून. मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टच्या लाइनवर 12.1, पाचच्या लाइनवर 5.03, आणि 3.3 च्या जागी 3.31. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, हा तर शाळेतल्या पहिल्या नंबरासारखा काटेकोर निघाला. निर्दोष सुटला.

आता मदरबोर्ड. मीटर कंटिन्युटीवर टाकला, म्हणजे शॉर्ट असेल तिथे तो ओरडतो, आणि प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर एक टोक आणि ग्राउंडवर दुसरं ठेवलं. मीटर ओरडला. पुढची कॉइल, परत ओरडला. सगळ्या कॉइलवर एकसारखा ओरडत सुटला आणि मी खाली बसलो. प्रोसेसर गेला, बोर्ड गेला, सगळंच गेलं. बायकोने परत विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, "फार मोठं व्होल्टेज होतं गं."

अर्ध्या तासाच्या सुतकानंतर शोधलं तेव्हा कळलं की प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या त्या लाइनचा रेझिस्टन्स मुळातच अगदी कमी असतो, चांगल्या बोर्डावरही मीटर तिथे बोंबलतोच. तिथे कंटिन्युटीची बीप ऐकून रडायचं नसतं, ओहममध्ये आकडा बघायचा असतो. ही माहिती आधी कळली असती तर मी बरीच वाक्यं मनातल्या मनात बोललो नसतो.

मग बोर्ड बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक काडी आणि एसएमपीएस. कॅबिनेटचं बटण नाही म्हणून पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवल्या. हात थरथरत होता आणि त्या पिना एवढ्या जवळजवळ की त्या थरथरीनेच काम झालं. पंखा फिरला, छोट्या स्पीकरमधून एकच बारीक बीप आली. माझ्या बोर्डाच्या भाषेत एक बीप म्हणजे सगळं ठीक, गप्प बस. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

त्यानंतर एकेक पाहुणा आत घ्यायचा. प्रत्येक वेळी प्लग काढा, वस्तू जोडा, प्लग लावा, टेकवा. दुसरी रॅम, ठीक. ग्राफिक्स कार्ड, ठीक. हार्ड डिस्क जोडली आणि पंख्याने तीच ओळखीची अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. म्हणजे शॉर्ट डिस्कमध्ये होता, आणि एसएमपीएस तो ओळखून स्वतःला बंद करून घेत होता. घरातल्या सगळ्या फोटोंची डिस्क. बॅकअप? पुढच्या वाक्याकडे जाऊ.

डिस्कच्या पाठीवरचं हिरवं सर्किट सोडवलं. पॉवर कनेक्टरजवळ दोन काळे चौकोनी ठिपके असतात, टीव्हीएस डायोड, एक 5 व्होल्टच्या लाइनवर, एक 12 च्या. यांची नोकरी विचित्र आहे, आयुष्यभर काहीच करायचं नाही आणि ज्या दिवशी जास्त व्होल्टेज येईल त्या दिवशी ते अंगावर घेऊन स्वतः शॉर्ट होऊन मरायचं म्हणजे मागची डिस्क वाचते. 12 वाला ठणठणीत होता. पाचवाला सरळ आणि उलट दोन्हीकडून जवळपास शून्य ओहम दाखवत होता, वर बारीकसा चिरलेलाही. बिचारा.

पण पाचच्या लाइनवर जास्त व्होल्टेज आलंच कुठून? एसएमपीएस तर 5.03 देत होता, मी स्वतः मोजलेलं. तेव्हा माझी नजर डिस्कच्या केबलकडे गेली आणि पोटात खड्डा पडला. नवीन एसएमपीएससोबत नवीन केबल आल्या होत्या, पण डिस्कची जुनी केबल मी दोन वर्षांपूर्वी इतकी नीट वळवून, मागून नेऊन, दर चार बोटांवर झिपटाय लावून बांधली होती की ती सोडवायचं जिवावर आलं, आणि कनेक्टर बसत होता की! बसतोच. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली पिन कशाची हे जो तो आपल्या मनाने ठरवतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा वेगळं असू शकतं. त्या चिंचोळ्या कनेक्टरमध्ये मीटरचं टोक जाईना म्हणून टाचणी घातली. सात नंबरच्या पिनेवर, जिथे 5 हवेत, तिथे 12.1.

म्हणजे व्होल्टेजच होतं! मी सकाळपासून शब्दशः खरं बोलत होतो. फक्त ते बाहेरून आलेलं नव्हतं, झिपटाय लावून बांधलेलं होतं.

मेलेला डायोड बारीक पकडीने उचकटून काढला, मनात त्याची माफी मागून डिस्क नवीन केबलला जोडली, आणि ती फिरली. आता तिला राखणदार नाही, त्यामुळे फोटो दुसरीकडे उतरवून होईपर्यंतच तिच्यावर भरवसा. कॉपी सुरू केली, खिडकी म्हणाली चार तास राहिलेत, मग अकरा, मग चाळीस मिनिटं. जुन्या केबलचे पकडीने दोन तुकडे केले, पुन्हा मोह नको, आणि कचऱ्यात टाकली.

बायको येऊन मागे उभी राहिली. "परत नाही ना येणार ते व्होल्टेज?"

"नाही. कापून टाकलंय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कचऱ्याच्या डब्याकडे, आणि दोन बोटांनी एक तुकडा वर उचलला.

"आणि ही एवढी छान बांधलेली केबल कशाला कापलीस?"